साडू, स्टाव्हांगर आणि पाण्याचा दिवस

कोल्हापूरचा साडू असलेल्या माणसाने पंगतीत फुटबॉलचा विषय निघू देऊ नये. क्रिकेट चालेल, राजकारण चालेल, पांढऱ्या रश्श्यात काय घालतात यावरची भांडणंसुद्धा एक वेळ चालतील. फुटबॉल निघाला, की आमचे साडूभाऊ मांडी बदलून बसतात, वाढणाऱ्याला हाताने थोपवतात आणि थेट शाहू स्टेडियमपासून सुरुवात करतात. जिलबी निवते, मठ्ठा तापतो, पण त्यांचा पूर्वार्ध काही संपत नाही.

मार्च 2025मध्ये मेहुण्याच्या वास्तुशांतीला हेच झालं. "केएसएच्या वरिष्ठ गटात सोळा टीमा हैत, पाव्हणं," असं म्हणून त्यांनी कोल्हापूरच्या फुटबॉल संघटनेतल्या संघांची यादी म्हणायला घेतली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, जुना बुधवार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... नावं घेताना स्वर असा काही लागला होता, की गुरुजींनी दक्षिणेसाठी हात पुढे केला. "आमच्यात पेठेतली म्हातारी बाई पण गॅलरीतनं ऑफसाइड सांगती. तुमच्या संभाजीनगरात काय हाय? लेणी बघायची आन् पाण्याची वाट बघायची."

पंगतीत हसू पिकलं. बायकोकडच्या माणसांसमोर माणूस काय वाटेल ते बोलतो. आमच्याकडे आमखास मैदान आहे, तिथे फुटबॉल होतो, एवढं सांगून गप्प बसता आलं असतं. पण माझा भाचा तेलकंपनीच्या नोकरीसाठी नॉर्वेत स्टाव्हांगरला असतो आणि त्याच सकाळी त्याचा फोन येऊन गेला होता. मी म्हणालो, "आम्ही नॉर्वेची लीग बघतो."

"नॉर्वेत फुटबॉल असतंय?"

"एलिटेसेरियन," मी शांतपणे म्हणालो. फुटबॉलपटू हालांडवरच्या कुठल्याशा लेखात हा शब्द वाचलेला होता. "सोळा संघ. तुमच्याइतकेच."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्यांना 'रोज पहाटे प्राणायाम करतो' असं सांगतो तेव्हा ती अशीच पाहते.

घरी आल्यावर मी अभ्यासाला बसलो. नॉर्वेचा मोसम आपल्या सोयीचा निघाला. बाकीचा बराचसा युरोप ऑगस्टमध्ये सुरू करून मेमध्ये आटोपतो. नॉर्वेत हिवाळ्यात मैदान सापडेलच याची खात्री नसते, म्हणून तिथली लीग मार्चअखेर सुरू होते आणि नोव्हेंबरअखेर संपते. कोल्हापूरकर पाऊस आला की थांबतात, हे बर्फ आला की थांबतात. सोळा संघ, प्रत्येकी 30 सामने, तळाचे दोन थेट खाली, चौदाव्याची खालच्या लीगमधल्या संघाशी झुंज. बऱ्याच मैदानांवर गवतसुद्धा प्लॅस्टिकचं. हे वाचून मला जरा धीर आला, कारण आमच्या सोसायटीच्या बागेतही तेच आहे.

संघ निवडायला वेळ लागला नाही. भाच्याचं गाव स्टाव्हांगर, तिथला क्लब व्हायकिंग, म्हणजे आपला संघ व्हायकिंग. आजोळ, सासर, नोकरी यांतलं काहीतरी त्या गावात असल्याशिवाय मराठी माणसाची निष्ठा मूळ धरत नाही. भाच्याला फोन लावला.

"अरे, तुमच्या व्हायकिंगचं यंदा काय म्हणणं आहे?"

"कोण व्हायकिंग, मामा?"

"तुमच्या गावची फुटबॉल टीम! 1899 सालचा क्लब आहे. आठ वेळा लीग जिंकलीय. शेवटची 1991मध्ये."

"अच्छा, ते होय! त्यांच्यामुळे रविवारी बसमध्ये जागा मिळत नाही."

या मुलाला आम्ही शिकवला, याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं. तरी त्याच्याकडून क्लबचा गडद निळा मफलर मागवला. तो मेच्या मध्यावर येऊन पोहोचला. बाहेर उन्हाळा, घरात कूलर आणि कूलरमध्ये टाकायला पाणी नाही, अशा परिस्थितीत मी गळ्यात लोकरीचा मफलर घालून बसू लागलो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "घशाचं काही आहे का हो त्यांच्या? दाखवलंत का कुणाला?"

इकडे साडूभाऊही स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी तीनच दिवसांत ब्यूदो/ग्लिम्ट हा संघ धरला. खंडोबाचा भंडारा पिवळा, ग्लिम्टचा शर्ट पिवळा, म्हणजे टीम घरचीच, हा त्यांचा हिशोब. खरं कारण असं, की ग्लिम्ट हा 2023 आणि 2024चा विजेता. माणूस लहानपणापासून उगवत्या सूर्याला नमस्कार करणारा. आणि ब्यूदो तर आर्क्टिक वृत्ताच्याही वर, तिथे जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. म्हणजे नमस्काराला खंड नको.

ग्लिम्टची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे, हे मला कबूल करावं लागतं. साडूसमोर नव्हे, इथे. पन्नास-पंचावन्न हजार वस्तीचं गाव, आठेक हजार माणसं मावतील एवढं स्टेडियम. 2020पर्यंत लीग एकदाही जिंकलेली नाही. त्या वर्षी चेतिल क्नुत्सेन या प्रशिक्षकाच्या हाताखाली 30 सामन्यांत 103 गोल ठोकून पहिलं विजेतेपद. पुढच्या वर्षी रोमाला 6-1ने धुतलं, आणि तेव्हा रोमाचे प्रशिक्षक साक्षात मोरिन्यो. या गावचे चाहते सामन्याला हातभर लांबीचे पिवळे टूथब्रश घेऊन जातात. 1970च्या दशकात घोषणांचा ताल धरायला कुणीतरी हातात टूथब्रश घेतला, तेव्हापासूनची ही प्रथा. साडूभाऊंनी दुसऱ्याच दिवशी सासरवाडीच्या ग्रुपवर फोटो टाकला: खांद्यावर पिवळा ब्रश, पण संडास घासायचा. 'नाद खुळा' असं खाली लिहिलेलं. सासऱ्यांनी अंगठा दाखवला. माझ्या मफलरच्या फोटोला त्यांनी 'काळजी घ्या' असं उत्तर दिलं होतं.

मेच्या सुरुवातीला ग्लिम्ट युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत होता. लॅझिओला पेनल्टीवर घरी पाठवून एवढी मजल मारणारा नॉर्वेचा हा पहिलाच संघ. साडूभाऊंनी ग्रुपवर उच्छाद मांडला. टॉटनहॅमने दोन्ही सामने मिळून 5-1 असं पाणी पाजलं, तेव्हा कुठे ग्रुपवर पुन्हा सुविचार दिसू लागले. मी 'खेळात हार-जीत चालायचीच' एवढा एकच संदेश पाठवला. पण तो मी सकाळ, दुपार, संध्याकाळ असा पाठवला.

नॉर्वेत रविवारचे बहुतेक सामने संध्याकाळी पाचला असतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ. रविवारची साडेआठ ही आमच्या घरी खिचडीची वेळ. खिचडी खाता खाता मी सामना बघायचो. म्हणजे गोल फिरणारं चक्र बघायचो, मधून मधून सामना. त्यात चित्र मिनिटभर मागे. साडूभाऊंचं इंटरनेट कोल्हापूरच्या पाण्यावर पोसलेलं, जोमदार. माझ्या पडद्यावर व्हायकिंगचा माणूस अजून चेंडू घेऊन मैदानाच्या मध्यावर असायचा आणि फोनवर संदेश यायचा: 'गेला बाहेर.' मग मी ते साठ सेकंद त्या माणसाकडे करुणेने बघत काढायचो.

एकदा व्हायकिंगचा गोल झाला तेव्हा बायको लोणच्याची बरणी ठेवायला फ्रिजपाशी गेली होती. पुढचं मराठी घरात सांगावं लागत नाही. पुढच्या रविवारी साडेआठला मी तिला म्हणालो, "जरा फ्रिजपाशी उभी राहतेस?"

"किती वेळ?"

"नव्वद मिनिटं. मध्ये पंधरा मिनिटं बसायला मिळेल."

मुलीने विचारलं, "बाबा, त्या खेळाडूंना माहितीय का, आई फ्रिजपाशी उभी आहे ते?"

"त्यांना माहीत असायची गरज नाही."

तेंडुलकर खेळत असताना ज्या माणसाने अख्खं घर जागच्या जागी खिळवून ठेवलं, सासूबाईंना पाणीसुद्धा उठून पिऊ दिलं नाही, त्याला सहा-सात हजार किलोमीटर म्हणजे काहीच अंतर नव्हे. शेवटी तडजोड झाली. बायकोऐवजी बरणी फ्रिजबाहेर ठेवायची. कैरीचं लोणचं उन्हाळाभर त्यातच गेलं.

आमच्या शेजारच्या निवृत्त काकांनी या सगळ्यात रस घेतला. त्यांना संघ हवा होता, पण जिवंत, धडपडणारा असा नको होता. मी त्यांना रोसेनबोर्गबद्दल सांगितलं: त्रोन्हाइमचा क्लब, एकूण 26 विजेतेपदं, त्यांतली 1992 ते 2004 अशी 13 सलग. काकांचे डोळे चमकले. आठच दिवसांत त्यांनी जिन्यात मला गाठलं आणि म्हणाले, "आता ते पूर्वीचं रोसेनबोर्ग राहिलं नाही हो." त्यापुढे ते रोज हे म्हणत. निल्स आर्ने एग्गेन हे रोसेनबोर्गचे जुने प्रशिक्षक, हे कळल्यावर तर ते "एग्गेनसाहेब असते तर" अशीच सुरुवात करू लागले. एका माणसाला आठ दिवसांत चाळीस वर्षांची हळहळ तयार करता येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

काकांच्या रोसेनबोर्गचा एक किस्सा मला फार आवडतो. 2023पासून नॉर्वेच्या लीगमध्ये व्हिडिओ बघून पंचगिरी करायची पद्धत आली. चाहत्यांना ती अजिबात पटली नाही. जुलै 2024मध्ये त्रोन्हाइमला लिलेस्त्रोमविरुद्धच्या सामन्यात निषेध म्हणून चाहत्यांनी मैदानात फिशकेक फेकले. माशांचे टिक्के! सोबत टेनिसचे चेंडूही. सामना थांबला, सुरू झाला, पुन्हा टिक्के आले आणि अखेर अर्ध्यातच सोडून द्यावा लागला.

"तळलेले?" बायकोने विचारलं.

"असतील."

"आणि फेकले?" तिचा त्या देशावरचा विश्वास तिथेच उडाला. आमच्याकडे निषेध कितीही तीव्र असला, तरी गुलमंडीवरची गरम भजी कुणी फेकल्याचं ऐकिवात नाही. आधी खातील, मग कागद फेकतील.

पुढची गंमत अशी. जानेवारी 2025मध्ये नॉर्वेच्या वरच्या दोन लीगमधल्या 32 क्लबांनी मतदान केलं. 19 विरुद्ध 13, व्हिडिओ पंच काढून टाका. मार्चमध्ये महासंघाची मोठी सभा भरली आणि तिथे ठरलं, की ठेवा. हे अगदी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं झालं: रंग कुठला नको यावर सगळे एकमत होऊन चहाला उठतात आणि परत येईपर्यंत तोच रंग ठरलेला असतो.

माझा दुसरा लाडका संघ ब्रिन. हालांडचं मूळ गाव. आजूबाजूला सगळी शेती आणि गोठे. 2025मध्ये हे लोक वरच्या लीगमध्ये आले आणि त्यांनी सामनावीराला बक्षीस म्हणून अंडी द्यायला सुरुवात केली. गोलरक्षक यान दे बूरला अंड्यांचे चार ट्रे मिळाले. ते हातात धरून उभा असलेला त्याचा फोटो जगभर फिरला. मला हे बक्षीस फार संसारी वाटलं. चषकाचं पुढे काय होतं? कपाटावर बसतो, धूळ खातो, दिवाळीला बायको विचारते, 'हे अजून ठेवायचंय का?' अंडी घरात आली की निदान कुणी 'आज पुन्हा उशीर?' असं म्हणत नाही. आमखास मैदानावर भर मेमध्ये हे बक्षीस ठेवलं, तर मात्र सत्कार लवकर आटपावा लागेल, नाहीतर सामनावीराला उकडलेलीच घरी न्यावी लागतील.

हे मी पानटपरीवर सांगितलं तेव्हा टपरीवाले भाई कात लावता लावता थांबले. "अंडे? चार ट्रे?" त्यांनी मनात भाव केला. "और हारे तो क्या देते, मियाँ, मुर्गी वापस लेते क्या?" वर्षअखेर ब्रिन खाली घसरला, तेव्हा मला पहिली आठवण भाईंची झाली.

पावसाळ्यात जायकवाडी भरलं, दारं उघडली, गोदावरी दोन्ही थड्या धरून वाहिली. आमच्या नळाला पाणी मात्र पूर्वीसारखंच, पंचांगात नसलेल्या तिथीला. तिकडे लीगमध्ये व्हायकिंग आणि ग्लिम्ट एकमेकांच्या मानगुटीवर बसले होते. व्हायकिंगला तेव्हा प्रशिक्षक दोन होते, ब्यार्टे लुंडे ओर्शेम आणि मॉर्टेन येन्सन, आणि दोघांचा हुद्दा सारखाच. दोन समान अधिकाऱ्यांनी चालवलेली गोष्ट पहिल्या क्रमांकावर असू शकते, यावर सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेले आमचे काका विश्वास ठेवायला तयार नव्हते. "फायलीवर सही कोणाची?" एवढाच त्यांचा प्रश्न.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, दिवाळीचा फराळ अजून डब्यात असताना, साडेआठला सामनाच दिसेना. ॲप उघडलं-मिटलं, फोन बंद-चालू केला, लोणच्याच्या बरणीची जागा बदलली. शेवटी साडूंना फोन केला. ते तिकडे ब्रश घेऊन तयार.

"पाव्हणं, तुमच्या नॉर्वेनं काय केलंय बघा की!"

युरोपातली घड्याळं त्या दिवशी तासभर मागे गेली होती. आता सामना साडेनऊला. त्या मोकळ्या तासात आम्ही दोघे सात महिन्यांत पहिल्यांदाच माणसांसारखं बोललो. त्यांचं गुडघ्याचं दुखणं निघालं, माझी शुगर निघाली. साडेनऊला पुन्हा वैर सुरू केलं.

30 नोव्हेंबर, शेवटचा रविवार. व्हायकिंग एका गुणाने पुढे. समोर वोलेरेंगा, सामना स्टाव्हांगरलाच. जिंकलं की विजेतेपद आपलं, 34 वर्षांनी. मी मफलर गुंडाळून साडेनऊला खुर्चीत बसलो. बरणी जागेवर. काका सही कोण करतंय ते पाहायला आलेले. खेळ सुरू झाला आणि खालून आरोळी आली, "पाणी आलंऽऽऽ!"

छत्रपती संभाजीनगरात ही आरोळी आली, की माणूस सरणावरूनही उठतो. मी बायकोकडे पाहिलं. तिने पाइपाकडे पाहिलं. मी खाली गेलो, पाइप लावला, मोटर सुरू केली, तोवर वरून मुलगी ओरडली, "बाबा, गोल! आपला!" धावत वर आलो. घरातले सगळे माझ्याकडे संशयाने बघत होते. ड्रम भरायला पुन्हा गेलो, पुन्हा गोल. एकदाच मी हट्टाने खुर्चीत बसलो, आणि वोलेरेंगाने गोल केला. काका उठले, त्यांनी मला दंडाला धरून दारापर्यंत पोहोचवलं आणि आतून कडी लावली. "हौद भरल्याशिवाय येऊ नका," ते म्हणाले. आठ महिने मी नेमाने सांभाळलेली जागा ही व्हायकिंगची खरी अडचण होती, असं माझ्या घरच्यांचं मत झालं आहे आणि माझ्याकडे पुरावा नाही. सामना 5-1. व्हायकिंग 71, ग्लिम्ट 70. आमचा हौद, दोन ड्रम, सगळ्या बादल्या आणि पुरणाचं पातेलंसुद्धा काठोकाठ.

ओल्या पायांनी, गळ्यात मफलर घालून मी दिवाळीतले उरलेले बेसनाचे लाडू जिन्यात वाटायला लागलो. तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊसाहेबांनी दार उघडलं.

"एवढ्या रात्री लाडू? काय झालं?"

"व्हायकिंग निवडून... म्हणजे जिंकलं."

"असं? कुठून उभा होता?" दोन दिवसांवर पैठण, कन्नड, वैजापूरच्या नगरपरिषदांचं मतदान होतं. त्यांचा दोष नाही.

"स्टाव्हांगरहून."

"वैजापूरकडंच ना ते?" लाडू मोडत ते म्हणाले. "पण मतदान तर व्हायचंय अजून. बिनविरोध आला का?"

साडूभाऊंचा फोन रात्री आला नाही. सकाळी आला. "ते लीगचं ऱ्हाऊ द्या हो. चॅम्पियन्स लीगमधी कोण खेळतंय? आमची टीम. आन् आता केएसएचा सीझन येतोय. या की कोल्हापूरला, खरं फुटबॉल दावतो."

मागोमाग भाच्याचा फोन. आवाज झोपाळलेला. "मामा, काल रात्री गावात काय चाललं होतं, कळलं का रे तुला? लोक नुसते ओरडत होते, गाणी म्हणत होते. मला पहाटे हेलिकॉप्टर पकडायचं होतं, डोळ्याला डोळा लागला नाही."

मी त्याला बसायला सांगितलं आणि 29 मार्चपासून सुरुवात केली.